गोव्याचे ओर्ता वैद्य आणि भांगेचा फुलोरा

मार्च १५३४ मध्ये लिस्बनहून निघालेली जहाजे सप्टेंबरात गोव्याला लागली. मार्तिम आफोन्सो द सूझा हा आरमाराचा नवा प्रमुख त्यांवर होता आणि त्याच्यासोबत त्याचा वैद्य, डॉ. गार्सिया द ओर्ता. वय तिशीच्या पुढे. लिस्बन विद्यापीठातली शिकवण्याची चांगली नोकरी सोडून हा माणूस सहा महिन्यांच्या समुद्रप्रवासाला का निघाला असेल, असा प्रश्न त्या वेळी अनेकांना पडला असणार. एक कारण उघड होते. मिरी, दालचिनी, जायफळ, अफू, भांग ही औषधे ज्या देशांतून युरोपात येत, ते देश पाहायचे होते. दुसरे कारण उघडपणे बोलण्याजोगे नव्हते.

ओर्तांचे आईवडील मूळचे स्पेनमधले ज्यू. १४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना हाकलले, तेव्हा ते सरहद्द ओलांडून पोर्तुगालमधल्या कास्तेलो द व्हिदे या गावी आले. पाचच वर्षांत पोर्तुगालच्या राजाने तिथल्या सगळ्या ज्यूंना सक्तीने ख्रिस्ती केले. गार्सियाचा जन्म त्यानंतरचा, साधारण १५०० च्या सुमाराचा. नाव ख्रिस्ती, बाप्तिस्मा झालेला, पण समाजाच्या लेखी कायम ‘नवख्रिस्ती’. शिक्षण सालामांका आणि आल्काला या स्पॅनिश विद्यापीठांत झाले. तिथे गॅलन आणि इब्न सिना यांचे ग्रंथ पाठ करणे म्हणजेच वैद्यक होते. पोर्तुगालमध्ये धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, स्थापण्याच्या हालचाली सुरू होत्या आणि १५३६ मध्ये ते झालेही. ओर्ता त्याआधी दोन वर्षे गोव्यात पोहोचले होते.

पहिली काही वर्षे त्यांनी सूझाबरोबर आरमारावर काढली. गोव्याहून वसई, दीवकडे जाणारी ही जहाजे वेंगुर्ला, मालवण, विजयदुर्गाचा किनारा उजव्या हाताला ठेवून जात. शिवरायांचा सिंधुदुर्ग उभा राहायला अजून सव्वाशे वर्षे होती. हा मुलूख तेव्हा विजापूरकरांकडे होता. गुजरातच्या बहादूरशहाने डिसेंबर १५३४ मध्ये वसई आणि तिच्याबरोबर मुंबईची बेटे पोर्तुगिजांना दिली. त्यांपैकी मुंबईचे बेट पुढे १५५४ च्या सुमारास ओर्तांनाच भाडेपट्ट्याने मिळाले. तिथल्या त्यांच्या बागेत वर्षातून दोनदा फळणारा एक आंबा होता आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता.

समुद्रावरची नोकरी संपल्यावर ते गोव्यात स्थिरावले. दवाखाना चालवला, घराशेजारी औषधी झाडांची बाग केली, रत्ने आणि औषधी मालाचा व्यापारही केला. त्यांचे सर्वांत नामवंत रुग्ण मात्र घाटावर होते. अहमदनगरचा (आजचे अहिल्यानगर) बुऱ्हाण निजामशहा त्यांना बोलावून घेई. त्याच्या दरबारात अरबी, इराणी हकीम होते, हिंदू वैद्य होते. ओर्ता त्यांच्याशी वाद घालत आणि त्यांच्याकडून शिकत. विद्यापीठात पाठ केलेले खरे की या लोकांच्या हाताखाली रोज बरे होणारे रोगी खरे, हा प्रश्न त्यांना याच वर्षांत सतावू लागला असावा.

त्याचे उत्तर त्यांनी तीस वर्षांनी पुस्तकातून दिले. १० एप्रिल १५६३ रोजी गोव्यातल्या छापखान्यातून त्यांचा ग्रंथ बाहेर पडला. भारतातली औषधे आणि वनस्पती यांवरचे हे संवाद आहेत. छपाई इतकी गचाळ की शुद्धिपत्राची पाने संपता संपत नाहीत. कामोएन्श या महाकवीची छापलेली पहिली कविताही याच पुस्तकात आहे. संवाद दोघांचे : एक स्वतः ओर्ता, दुसरा रुआनो नावाचा काल्पनिक मित्र. तो स्पेनहून नुकताच आलेला, ग्रीक-लॅटिन पंडितांवर नितांत विश्वास असलेला. खरे तर हे दोघेही ओर्ताच आहेत. एक सालामांकातला, दुसरा गोव्यातला. मध्येच मोलकरीण एखादी फांदी किंवा फळ आणून पुढ्यात ठेवते, कधी मालुपा नावाचा हिंदू वैद्य येऊन दोन गोष्टी सांगून जातो. ग्रंथ मोठा असला तरी त्यात दमछाक होत नाही, ती यामुळेच.

कोकणातल्या वाचकाला या पुस्तकात पानोपानी ओळखीचे भेटते. आपल्याकडचे भिरंड, म्हणजे रातांबा, तिथे ‘ब्रिंदांव’ होऊन आले आहे. आतून लाल, चवीला आंबट, साल सुकवून ठेवतात, आणि व्हिनेगर करण्यासाठी ती पोर्तुगालपर्यंत नेतात, अशी नोंद आहे. पटकीच्या रोगासाठी दिलेले स्थानिक नाव तर आपल्या आजीच्या तोंडचे : मोडशी. पोर्तुगिजांनी त्याचे पुढे ‘मोर्देशी’ केले. रोगाची चाल, ओकाऱ्या, गोळे, घाईने येणारा अंत, हे सगळे रोग्याच्या उशाशी बसलेल्या माणसानेच लिहावे असे आहे. युरोपीय भाषांत आशियाई पटकीचे इतके नेटके वर्णन त्याआधी क्वचितच झाले असेल.

आठवा संवाद भांगेवर आहे. युरोपात भांगेच्या जातीचे झाड तागासारखे, दोरखंडासाठी माहीत होते. नशेचे झाड म्हणून त्याची ओळख फारशी नव्हती. ओर्तांनी रुआनोला समजावले की भांग आणि अफू या वेगळ्या गोष्टी आहेत. भांग करतात ती पानांची पूड करून, कधी त्यात बी कुटून. श्रीमंतांच्या माजुमात कोवळी सुपारी, जायफळ, जायपत्री, लवंग, कापूर, अंबर, कस्तुरी असे काय काय पडते, कुणी अफूही घालते. ती कशासाठी घेतात, याची यादी मोठी मनुष्यस्वभाव जाणणारी आहे. ओझी वाहणारे कष्ट जाणवू नयेत म्हणून घेतात, सरदार रात्री झोप यावी म्हणून घेतात, कुणाला भूक लागावी म्हणून, कुणाला शृंगारासाठी. बहादूरशहाने सूझाला सांगितलेली एक गंमतही त्यांनी नोंदवली आहे : रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान, अरबस्तान, इराण फिरून यायचे झाले की आपण थोडी भांग खातो, असे तो सुलतान म्हणे.

यात डॉक्टरांनी थांबून वाचावे असे वेगळेच आहे. घाटावर ओर्तांच्या सोबत एक पोर्तुगीज विदूषक होता. त्याने माजुमाच्या एक-दोन वड्या खाल्ल्या. रात्री तो गोड गुंगीत गेला, बोलणे समजेना. नंतर मात्र खिन्न होऊन रडू लागला. ओर्तांच्या घरच्या नोकरांना याच औषधाने हुशारी वाटे आणि भूक लागे, याला मात्र शोक झाला. ओर्तांनी दोन्ही गोष्टी जशा पाहिल्या-ऐकल्या तशा शेजारी शेजारी लिहिल्या. एकाला हसवणारी वस्तू दुसऱ्याला का रडवते, याचे स्पष्टीकरण देण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत. माहीत नसताना कारण ठोकून देणाऱ्या त्या काळच्या ग्रंथांत हा संयम दुर्मीळ आहे.

आज या प्रश्नाचे उत्तर तीन भागांत देता येते. माणसामाणसातला फरक हा एक. किती खाल्ले हा दुसरा. त्यात खाल्लेल्या भांगेचा अंमल चढायला अर्धा तास ते दोन तास लागतात, म्हणून काही होत नाही असे वाटून लोक दुसरा डोस घेतात आणि मग दोन्ही एकदम चढतात. शिवरात्र आणि होळीच्या रात्री सरकारी रुग्णालयांत येणारे धडधडत्या छातीचे, भेदरलेले तरुण बहुधा याच हिशेबात चुकलेले असतात. तिसरा भाग म्हणजे मालच मुळात किती कडक होता. तो ठरतो झाडाचा कोणता भाग घेतला आणि तो कधी काढला यावर. ओर्तांच्या संवादात नेमका हा तिसरा भाग नाही. पान आहे, बी आहे. फुलोरा नाही, काढणीचा दिवस नाही. मिरी, जायफळ यांच्याबद्दल बारीक चौकशी करणाऱ्या या माणसाने भांगेच्या शेतकऱ्याला काही विचारलेले दिसत नाही. त्यांच्यापर्यंत पोहोचली ती बाजारातली, कुटून तयार झालेली भांग. शिवाय हे झाड युरोपातल्या दोरखंडाच्या झाडाहून वेगळे असा त्यांचा ग्रह होता. आज दोन्ही एकाच जातीची मानतात. फरक आतल्या रसायनांत आहे.

भांगेच्या झाडात नर वेगळा, मादी वेगळी. गुण मादीच्या फुलोऱ्यात. तिथे सुईच्या टोकाहून बारीक, काचेच्या मण्यांसारख्या ग्रंथी असतात आणि त्यांत चिकट राळ साठते. नशेचे मुख्य द्रव्य, टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, या राळेत असते. पानांत बरेच कमी, बियांत जवळजवळ नाहीच. म्हणजे ओर्तांच्या माजुमात कुटून घातलेले बी नशेच्या दृष्टीने नुसते भरीला होते. नराचे पराग मादीवर पडले की झाड बी धरण्याच्या मागे लागते आणि राळ घटते. झाडांना लिंग असते हे युरोपात कामेरारियसने १६९४ मध्ये प्रयोगांनी दाखवून दिले आणि त्या प्रयोगांत भांगेचे झाडही होते. आपल्याकडचे शेतकरी त्याच्या कितीतरी आधीपासून नर झाडे उपटून टाकत होते. बंगालमध्ये तर या कामाचा खास जाणकार असे, त्याला पोद्दार म्हणत. फुलोरा दिसू लागला की तो शेतातून फिरायचा आणि नर झाडे मोडत जायचा. त्याच्या नजरेतून एखाददुसरा नर सुटला तर अख्ख्या वाफ्याचा माल हलका पडे.

उघड्यावरच्या शेतात काढणीची वेळ पंचांगावर ठरत नाही. पावसाळा सरून रात्र मोठी होऊ लागली की झाड फुलावर येते. आधी फुलांतले केसर पांढरे आणि ताठ असतात, मग ते तांबूस होऊन वळतात. खालची पाने पिवळी पडतात. भिंगातून पाहिले तर राळेचे मणी सुरुवातीला पारदर्शक, मग दुधाळ, आणि पुढे मधाच्या रंगाचे होतात. दुधाळ असतात तेव्हा द्रव्य भरात असते. झाड शेतातच जास्त दिवस राहिले की ऊन आणि हवा लागून त्याचे कॅनाबिनॉल नावाच्या दुसऱ्या द्रव्यात रूपांतर होऊ लागते. त्यात नशा कमी आणि गुंगी अधिक, असा जुना समज आहे. लवकर काढले तर पोकळ, उशिरा काढले तर उतरलेले. आंब्याच्या बागेत झेला घेऊन उभ्या असलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. चौदा आणे तयार फळ कोणते हे तो देठाजवळचा खळगा आणि भरलेले खांदे पाहून ठरवतो, तारीख पाहून नव्हे. एकाच झाडावर वरच्या फांदीचे तयार आणि आतल्या सावलीचे कच्चे, हेही दोन्हीकडे सारखेच.

किनाऱ्यावर आणखी एक अडचण असते. दाट फुलोऱ्यात ओल अडकली की आतून बुरशी धरते आणि बाहेरून कळत नाही. परतीचा पाऊस आणि खारी दमट हवा असलेल्या कोकणापेक्षा पर्जन्यछायेतल्या नगरची कोरडी हवा या पिकाला मानवणारी. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातल्या गांजाचे पीक घेणारा मोठा जिल्हा अहमदनगरच होता. म्हणजे जिथे बसून ओर्तांनी निजामशहाच्या हकिमांशी वाद घातले, त्याच मुलखात. तिथे तुरे कापून खळ्यावर पसरत आणि पायांनी तुडवून चपटा गांजा करत. १८९३-९४ मध्ये सरकारने नेमलेल्या भांग-गांजा चौकशी आयोगाने देशभर १,१९३ साक्षीदार तपासले, त्यांत शेतकरी, वैद्य, सिव्हिल सर्जन, मिशनरी सगळेच आले. पीक कधी लावतात, नर कधी काढतात, तुरे कधी कापतात, याची जिल्हावार टिपणे त्या अहवालात आहेत. ओर्तांनी न विचारलेला प्रश्न सव्वातीनशे वर्षांनी असा सविस्तर विचारला गेला.

मधल्या काळात वैद्यकाला त्याची किंमत मोजावी लागली होती. कलकत्ता मेडिकल कॉलेजातले डॉ. विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये गांजाच्या अर्काचे प्रयोग प्रसिद्ध केले, आधी जनावरांवरचे आणि मग धनुर्वात, संधिवात, लहान मुलांचे झटके अशा रोगांतले. युरोपातल्या औषधविक्रेत्यांनी अर्क मागवला. एका बाटलीने रुग्ण झोपी जाई, दुसरीने काहीच होत नसे, तिसरीने तो भ्रमिष्ट होई. कोणत्या शेतातला, कधी काढलेला, किती महिने जहाजात आणि गोदामात पडलेला माल आहे हे डॉक्टरला कळायला मार्गच नव्हता. मुख्य द्रव्याची रचना इस्रायलमध्ये १९६४ साली उलगडली तोवर औषध म्हणून भांग मागे पडली होती. आज कॅनाबिडिऑल हे तिच्यातले दुसरे, नशा न आणणारे द्रव्य लहान मुलांच्या काही हट्टी अपस्मारांत वापरतात. अमेरिकेत त्याला २०१८ मध्ये मान्यता मिळाली. ते चालते कारण दर मिलिलिटरला किती मिलिग्रॅम हे बाटलीवर लिहिलेले असते आणि ते खरे असते. गल्लीत मिळणाऱ्या पुडीवर यातले काहीच नसते. विशीच्या आतल्या मुलांत, घरात मनोविकाराचा इतिहास असेल तर विशेषच, कडक गांजाने भास-भ्रम सुरू होण्याचा धोका वाढतो, आणि पुडी कडक आहे की नाही हे ओढून झाल्यावरच कळते.

आपला कायदाही पान आणि फुलोरा यांच्यातल्या याच भेदावर उभा आहे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुललेले किंवा फळलेले तुरे. तुऱ्यांशिवाय नुसती पाने आणि बिया या व्याख्येत येत नाहीत. म्हणून काही राज्यांत भांग परवान्याने विकली जाते आणि गांजा बाळगला की अटक होते. विनापरवाना झाड लावणे मात्र, ते फुलले असो वा नसो, गुन्हाच आहे. शिक्षा दहा वर्षांपर्यंत. औषधी आहे, परसात एखादे असू दे, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेले बरे.

ओर्तांकडे परत यायचे तर त्यांची शेवटची वर्षे सुखाची नव्हती. आई आणि बहिणी लिस्बनमध्ये धर्मन्यायालयाच्या तावडीतून कशाबशा सुटून गोव्यात त्यांच्याकडे आल्या होत्या. १५६० मध्ये ते न्यायालय गोव्यातच येऊन बसले. तीन वर्षांनी ओर्तांचा ग्रंथ छापला गेला तो त्याच शहरात. ग्रंथात भारतीय वैद्य आहेत, मुसलमान हकीम आहेत, ज्यू प्रवासीही आहेत. लेखकाच्या स्वतःच्या घराविषयी मात्र अवाक्षर नाही. शहराचे सर्वांत मानाचे डॉक्टर, मोठमोठ्या अधिकाऱ्यांचे स्नेही, म्हणून त्यांच्या अंगाला कुणी हात लावला नाही. १५६८ मध्ये ते अंथरुणात वारले.

मग हिशेब सुरू झाला. बहीण कातारिना हिला पकडण्यात आले. छळाखाली तिच्याकडून आणि इतर नातेवाइकांच्या जबान्यांतून बाहेर आले, की हे घर दाराआड ज्यू धर्मच पाळत होते आणि गार्सियाही त्यात होता. १५६९ मध्ये कातारिनाला गोव्यात जाळले. डिसेंबर १५८० मध्ये, मृत्यूला बारा वर्षे झाल्यावर, ओर्तांची हाडे थडग्यातून उकरून काढून तीही जाहीरपणे जाळली.

पुस्तकाला ते हात लावू शकले नव्हते, कारण तोवर ते युरोपात पोहोचले होते. क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाती १५६४ मध्येच लिस्बनला त्याची प्रत पडली होती. त्याने लॅटिनमध्ये त्याचा गोषवारा केला, तो १५६७ मध्ये अँटवर्पला छापला गेला आणि पुढे पुन्हा पुन्हा छापला जात राहिला. युरोपातल्या वैद्यांनी भांग, मोडशी आणि भिरंड यांच्याबद्दल जे वाचले ते बहुतांशी या गोषवाऱ्यातून. तीन शतकांनंतर, १८९८ मध्ये, सावंतवाडी संस्थानात वैद्यकीय सेवा केलेल्या डॉ. दाल्गाद या गोमंतकीयाने गोवा आणि सावंतवाडीच्या औषधी, खाद्य आणि उपयोगी वनस्पतींची पोर्तुगीज सूची लिस्बनला छापली. ओर्तांनी पाहिलेली अनेक झाडे तिच्यात पुन्हा आली आहेत, या वेळी शास्त्रीय नावांनिशी. पणजीच्या चर्चजवळचे जुने नगर उद्यान आज गार्सिया द ओर्ता यांच्या नावाने आहे. संध्याकाळी तिथे बाकांवर बसणाऱ्या गर्दीत त्यांचे नाव माहीत असणारे थोडेच असतील.